उशाशी दिवा नको

आक्का, तुमच्या उशाच्या दिव्यावरून घरात काय झालं, ते दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगते. तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि आपल्या भावकीत बातमी किती लवकर पोहोचते ते मी तुम्हाला काय सांगणार. तुम्ही असाल तिथेही आपलं कुणीतरी असणारच. तुम्हाला अर्धी गोष्ट ऐकायला आवडायची नाही. "मधनंच काय सांगाय लागलीस, पहिल्यापासनं सांग की," म्हणायचात. तर पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुमच्या उजव्या डोळ्यापासून.

मोतीबिंदू काढून आणला त्या आठवड्यात तुम्ही रोज संध्याकाळी गच्चीवर जायला लागलात. मला वाटलं हवा खायला जाताय. एक दिवस वाळलेले कपडे काढायला मी वर आले, तर तुम्ही पाण्याच्या टाकीला टेकून मान वर करून उभ्या. मला म्हणालात, "सुमे, चांदण्या कुटं गेल्या गं?"

मी म्हटलं, "आहेत की. ती बघा एक."

"ती एकच हाय. बाकीच्या?"

बाकीच्या मलाही दिसत नव्हत्या, पण मी कधी शोधल्याच नव्हत्या. चादरींच्या दुकानात दिवसभर काउंटरला उभं राहून आल्यावर वर कोण बघतं? तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी मला घेऊन डॉक्टरांकडे गेलात. त्यांनी पाटीवरची अक्षरं वाचायला लावली, तुम्ही खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचलीत आणि वर त्यांनाच विचारलंत, "अक्षरं काय, भिताडावर हायती. आभाळातलं कवा दिसणार?" ते बिचारे हसून म्हणाले, "मावशी, ऑपरेशन उत्तम झालंय. हल्ली शहरात तारे कुणालाच दिसत नाहीत." बाहेर पायऱ्या उतरताना तुम्ही मला ऐकू येईल आणि त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालात, "आपलं काम बिघडलं की आभाळाला नावं ठिवायची." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तुमच्याशी भांडले. किती दिवस भांडलो आपण त्यावरून! डोळा चांगला आहे, आभाळ खराब झालंय, हे माझं. आभाळ कसं खराब होईल, ते काय दूध आहे का, हे तुमचं. तुम्ही लहानपणी वडिलांबरोबर मेंढरांमागे फिरलेल्या. कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची आणि तिथेच घोंगडी टाकून पडायचं, असं तुमचं बालपण गेलं. धाकट्या बिरूला, म्हणजे आमच्या ह्यांना, पोटाशी घेऊन तुम्ही झोपायचात, आणि तो झोपला नाही की त्याला वरचं बाजलं दाखवायचात, असं तुम्ही सांगायचात. चार चांदण्या म्हणजे म्हातारीचं बाजलं, मागच्या तीन म्हणजे ते पळवून नेणारे चोर. आई लवकर गेली म्हणून भावाला तुम्हीच वाढवलंत, आणि नवरा गेल्यावर तुम्ही त्याच भावाकडे राहायला आलात. मी लग्न होऊन आले तेव्हा माप ओलांडताना समोर तुम्हीच होतात. मला वाटलं हीच माझी सासू. पुढे कळलं की नणंद आहे, पण तोवर घाबरायची सवय लागून गेली होती.

शेवटी खात्री करायला आपण तुमच्या माहेरी, मैंदर्गीला गेलो. अंधार पडल्यावर तुम्ही मला हाताला धरून रानाकडे नेलंत. चौकात उंच खांबावर दिव्यांचा झुबका, गल्लीत प्रत्येक खांबाला पांढरा फटक दिवा, आणि रानात गेलो तर रानडुकरं येऊ नयेत म्हणून चुलत भावांनी विहिरीवर, गोठ्यावर, कुंपणावर दिवे लावलेले. तुम्ही बराच वेळ वर बघत राहिलात. मला वाटलं आता तरी पटेल. परत येताना गाडीत अक्कलकोट मागे पडल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "डोळाच गेला गं माझा." तेव्हा मला पहिल्यांदा तुमचं वाईट वाटलं, आणि मग मी भांडले नाही.

लेकीने, पूजाने, ते ऐकलं आणि पुण्याहून फोन केला. तुमची ही भाची कुणावर गेली आहे ते सगळ्यांना माहीत आहे, एकदा डोक्यात घेतलं की संपलं. "आत्या, लडाखमध्ये हानले नावाचं गाव आहे. चौदा हजार फुटांवर. तिथे मोठी दुर्बीण आहे आणि गावात रात्री दिवे लावायचे नाहीत असा नियमच आहे. तिथे जाऊन बघू. तिथेही दिसलं नाही तर डॉक्टरांशी मी भांडते." तुम्ही आधी "बेड, बेड" म्हणालात. अडचणीत सापडलात की तुमची कानडी बाहेर यायची, आणि तुमचं "बेड" हे साध्या "नको"पेक्षा मवाळ असतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी छाती तपासून हो म्हटलं. तुमच्या भावाला मी किती म्हटलं, चला. ते म्हणाले, विहिरींच्या मोटारी रिवाइंड करायचा सीझन आहे, दुकान कोण बघणार? सप्टेंबरात कसला सीझन? विमानाला घाबरले, दुसरं काही नाही. तुम्ही मात्र त्यांची बाजू घेतलीत. "त्यो न्हाय यायचा. त्येला लहानपणापासनं उंचाचं भ्या हाय."

सामान बांधताना आपलं आणखी एकदा वाजलं. स्वेटर, कानटोपी, जाड मोजे, सगळं बाजूला सारून तुम्ही दोन सोलापुरी चादरी पिशवीत कोंबल्यात. "सोलापूरची चादर असताना थंडी कशी वाजंल? तू चादरी इकतीस आणि तुलाच इस्वास न्हाय?" विकणारीला काय विश्वास असतो ते मी तुम्हाला कसं सांगू? शेंगाची चटणी, कडक भाकऱ्यांची चवड, आणि फडक्यात गुंडाळलेलं निरांजन, वाती, काडेपेटी, तेलाची बाटली. सांजवात चुकणार नाही ही तुमची अट होती. लग्न होऊन आल्यापासून मी एकही संध्याकाळ अशी बघितली नाही की दिवेलागणीला तुमच्या हातात काडी नाही. ती काडेपेटी विमानतळावर काढून घेतली, तर त्या वर्दीतल्या पोरीला तुम्ही म्हणालात, "बाई, तुज्या घरी सांच्याला काय करतीस मग?" मागे रांग लागली होती. पूजा दुसरीकडे बघून हसत होती.

लेहला दोन दिवस नुसतं पडून राहायला सांगितलं होतं. तुम्ही पडून राहिलात आणि मी ओकत राहिले. तिसऱ्या दिवशी गाडी सिंधू नदीच्या काठाने निघाली. दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर, झाड म्हणून नाही, मी तर उदास झाले. तुम्ही खिडकीतून बघून खुशीत आलात. "हे आपलंच रान हाय की गं. नुसतं उचलून वर ठिवलंय." पुढे रस्त्यात शेळ्या-मेंढ्यांचा कळप लागला तेव्हा तुम्ही गाडी थांबवायला लावलीत, खाली उतरून एका शेळीचा जबडा धरून दात बघितलेत, आणि तिचं वय कळप राखणाऱ्या माणसाला बोटांवर दाखवलंत. त्याने मान हलवली आणि आणखी एक बोट वाढवलं. "खोटं बोलतंय," असं म्हणत तुम्ही गाडीत बसलात.

हानले जवळ आलं तसा टेकडीवरचा पांढरा घुमट दिसला. तुम्ही लगेच हात जोडलेत. पूजा म्हणाली, "आत्या, देऊळ नाही ते. दुर्बीण आहे आत." तुम्ही म्हणालात, "असू दे. जोडलं ते जोडलं, आता माघारी कशाला घिऊ?"

आता दिव्याची गोष्ट. आपण ज्या घरात उतरलो होतो तिथली बाई तुमच्याच वयाची होती. ऊन उतरलं तशी तुमची चुळबुळ सुरू झाली. तिच्या स्वयंपाकघरातून तुम्ही काडेपेटी मागून आणलीत, निरांजन लावलंत, आणि आपल्याकडे लावतो तसं दाराबाहेर उंबऱ्याच्या कडेला ठेवून हात जोडून डोळे मिटलेत. ती बाई आतून धावत आली. ओरडली नाही, पण दोन्ही तळव्यांनी ज्योतीला आडोसा करून खाली बसली आणि म्हणाली, "माताजी, बाहर नहीं. यहाँ रात को बाहर बत्ती नहीं जलाते."

तुम्ही डोळे उघडलेत. "बत्ती न्हवं ती. देव हाय."

मला वाटलं आता इथेही वाजणार. पण निरांजन उचलून तिने तुम्हाला दंडाला धरून आत नेलं. जाड पडद्याआड तिचं देवघर होतं. तिथे लोण्याचे छोटे दिवे ओळीने जळत होते. त्यांच्या शेजारी तिने तुमचं निरांजन ठेवलं, आणि पडदा नीट ओढून घेतला, फटसुद्धा राहू नये असा. "हम भी जलाते हैं. अंदर." तुम्ही त्या पडद्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत होतात. मग ती तुमच्या चादरीला हात लावून हसली, आणि स्वतःचा लोकरीचा जाड झगा काढून तुमच्या अंगावर घातला. वरून तुम्ही सोलापुरी चादर घेतलीतच.

बाहेर पडलो तेव्हा मी तुमचा हात घट्ट धरला होता, कारण मला पायाखालचं काही दिसत नव्हतं. गावातला एक तरुण छोटी दुर्बीण लावून माणसांना ग्रह दाखवत होता. त्याने तुम्हाला पुढे बोलावलं. तुम्ही नाही म्हणालात. "नळीतनं काय, कुणालाबी दिसंल. मी माज्या डोळ्यानं बघाय आलेय." मग तुम्ही डावा डोळा तळव्याने झाकलात आणि उजव्याने वर बघितलंत. मग उजवा झाकलात. मग दोन्ही हात खाली घेतलेत.

मी तुमच्याकडेच बघत होते, आक्का. वर नंतर बघितलं. तुमच्या चेहऱ्याचं मला काही दिसत नव्हतं, फक्त श्वास ऐकू येत होता, आणि मी मनात म्हणत होते, देवा, दिसू दे हिला. मग तुम्ही बोललात, आणि काय बोललात! रागावून बोललात. "एवढं समदं हितं आणून ठिवलंय व्हय!"

जणू कुणीतरी तुमच्या रानातून एकेक उचलून इथे लपवलं होतं आणि आज तुम्हाला चोरी सापडली होती. पूजा हसता हसता रडायला लागली. मग तुम्ही शोधून शोधून ते बाजलं काढलंत, डोंगराला अगदी टेकलेलं, आणि चोर तीनच आहेत ना ते तपासलंत. "हायती. आजून पकडलं न्हाय कुणी." मी वर बघितलं ते तेव्हा. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. मला घाबरल्यासारखं झालं, एवढं खरं.

थंडीने पूजा आत गेली. आपण दोघी दगडावर बसून राहिलो. तिथे तुम्ही ते बोललात.

"सुमे, मी गेल्यावर माज्या उशाला दिवा नगं लावू."

मी म्हटलं, "असलं अभद्र काय बोलताय, आणि इथे? एवढ्या उंचावर?"

"हितंच बोलाय पायजे. खाली गेलं की तू ऐकायची न्हाईस." तुम्ही माझा हात तुमच्या चादरीत ओढून घेतलात. "दिवा लावला की आपलंच घर दिसतंय बघ. भितं, भांडी, आपली माणसं. बाकी समदं जातंय. मला जाताना बाकीचं बघाय पायजे."

"बिनदिव्याच्या घरातून माणूस जाईल कसं? वाट कशी सापडेल?"

"चालत जाईन की. मेंढराच्या मागं काय कंदील घिऊन हिंडत व्हते व्हय?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, चला आत, माझे कान गळून पडतील. तुम्ही उठलात. झाला विषय.

सोलापुरात आल्यावर तुम्ही चटणीचा डबा घेऊन डॉक्टरांकडे गेलात. "डोळा बेस हाय. आभाळच बिघडलंय, तुमी म्हणला ते खरं हाय." मला मात्र तुम्ही कधीच म्हणाला नाहीत की सुमे, तूच बरोबर होतीस. महिनाभर मी वाट बघितली! दिवाळीत पणत्या लावताना तुम्ही पुन्हा दिव्याचं काढलंत. "ध्यानात हाय न्हवं, डोंगरावर सांगितल्यालं?" मी म्हटलं, "सणासुदीचं नको ते बोलू नका." तेव्हा मी दटावलं, आणि तुम्ही गप्प बसलात. तुम्ही गप्प बसलात याचंच मला आता जास्त वाटतं. तुम्ही भांडायला हवं होतं. माझ्याकडून वदवून घ्यायला हवं होतं. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून तासभर भांडणाऱ्या तुम्ही, याच गोष्टीत माझ्यावर कशाला सोडलंत?

एप्रिलातल्या त्या दुपारी मी दुकानात होते. जेवून तुम्ही फरशीवर ओला पंचा टाकून आडव्या झालात, आणि हे चहाला घरी आले तर तुम्ही उठला नाहीत. त्यांनी मला फोन केला तेव्हा नुसतं "ये" म्हणाले. पुढचं मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मैंदर्गीच्या थोरल्या काकू त्याच संध्याकाळी आल्या आणि सगळं त्यांच्या हातात गेलं. तुम्हाला नेऊन माणसं परतली. जिथे तुम्ही झोपला होतात ती जागा काकूंनी सारवल्यासारखी पुसून घेतली, पीठ पसरलं, दक्षिणेला वात करून दिवा ठेवला, वर टोपली. मी दारात उभी होते. सकाळी टोपली उचलून बायका, पुढचा जन्म कशाचा ते कळावं म्हणून, पिठात पाऊल शोधायला लागल्या. एकीला गाईचा खूर दिसला, एकीला पाखराचा पाय. काकू म्हणाल्या पाखरूच. मला विचारलं, तर मला नुसतं पीठ दिसलं. तुम्ही असता तर खात्रीने शेळीचं म्हणाला असता आणि तिचं वयही सांगितलं असतं. माझ्या मनात हे आलं आणि मला हसू फुटलं, मग तेच रडू झालं. बायकांनी मला धरून बसवलं.

दिवा दहाव्यापर्यंत जळत ठेवायचा, विझू द्यायचा नाही. ते काम तुमच्या भावाने घेतलं. आक्का, ते रडले नाहीत. खांदा दिला, पाणी दिलं, आल्यागेल्याला "बसा" म्हणाले, आणि त्या दिव्यासमोर जाऊन बसले. तेल कमी होण्याआधी तेल. वातीवर काजळी धरण्याआधी चिमट्याने झाडणं. मोटारीची बारीक तार गुंडाळणारे ते हात, दुसरं काही करायला उरलंच नव्हतं त्यांना. माणसं भेटायला यायची, दिव्याच्या उजेडात त्यांचं तोंड बघायची आणि म्हणायची, बिरू धीराचा आहे. त्यामुळे ते आणखीच ताठ बसायचे. जेवत नव्हते. डोळे लाल झाले होते, पण कोरडे.

मी दोन्हीकडून कात्रीत सापडले. तुम्हाला मी शब्द दिला नव्हता, पण तुम्ही मागितला होता. आणि यांच्या हातातून तो दिवा कसा काढून घेऊ? बहिणीसाठी तेवढंच करता येत होतं त्यांना. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज तेलाची बाटली भरून त्यांच्याजवळ ठेवायचे. मलाच कळत नव्हतं मी कुणाची बाजू घेतेय. तुमचा राग यायचा. डोंगरावर नेऊन मला हे ओझं कशाला दिलंत? पूजाला द्यायचं, तिने पहिल्याच दिवशी फुंकर मारली असती.

शेवटी काकूंसमोरच बोलले. काकू म्हणत होत्या, बिरू, दोन घास खा. ते मान हलवत होते. मी म्हटलं, "आक्कांना हा दिवा नको होता. हानलेला त्यांनी मला सांगितलं होतं."

काकू माझ्यावर अशा काही वळल्या! "म्हातारीला बर्फात नेलीस त्ये नेलीस, आता उशाचा दिवाबी काढाय लागलीस व्हय?" मी ऐकून घेतलं. काकूंचं मला काही वाटलं नाही. यांचं वाटलं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुला सांगितलं? मला का न्हाय?"

माझ्याकडे उत्तर होतं. हे डोंगरावर आलेच नव्हते, एवढंच ते उत्तर. ते मी दिलं नाही. त्यांनी पुन्हा वातीची काजळी झाडली, आणि त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकू कुणाच्या तरी गाडीने मैंदर्गीला गेल्या. दहाव्याचं सामान बघून सकाळी येते म्हणाल्या. पूजा आधीच पुण्याला परतली होती, त्यामुळे दिवेलागणीला घरात आम्ही दोघंच. सुतकात देवापाशी सांजवात लावायची नव्हती, तरी माझा हात सवयीने काडेपेटीकडे गेला आणि मागे आला. ह्यांनी मला हाक मारली. दिव्यासमोरून नजर न काढता म्हणाले, "तितं कसं होतं, सांग की."

हानलेहून येऊन सात-आठ महिने झाले, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आपण दोघी आणि पूजा बोलायला लागलो की उठून दुकानात जायचे. मी सांगायला लागले. नदी सांगितली, शेळीचे दात सांगितले, ते किंचित हसले. उंबऱ्यावरचं निरांजन सांगितलं, त्या बाईचा पडदा सांगितला. मग बाहेर आलो असं मी म्हणाले आणि थांबले, कारण पुढचं मला सांगता येईना. "अंधार म्हणजे कसा अंधार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शेजारी आक्का बसलेल्या, पण मला त्या दिसत नव्हत्या. नुसता श्वास येत होता.

त्यांनी हात पुढे केला आणि बोटांच्या चिमटीत वात धरून दिवा विझवला. "आता सांग."

खिडकीला मी दुपारीच उन्हामुळे चादर लावली होती. खोलीत काहीही दिसेना. मी सांगत राहिले. तुम्ही एकेक डोळा कसा झाकलात, "हितं आणून ठिवलंय व्हय" म्हणून कशा रागावलात. बाजल्याचं सांगितलं, चोर मोजल्याचं सांगितलं, आणि तिथे माझ्या शेजारी आवाज झाला. आधी मला कळलंच नाही कसला. आक्का, तुमचा भाऊ रडत होता. कुणी बघत नव्हतं. मी होते, पण मलाही दिसत नव्हतं. लहान पोरासारखा, तोंड उघडून, "आक्का गं, आक्का गं" करत. मी हात लावला नाही, पाणी आणलं नाही, काही समजावलं नाही. तुम्ही मागितलेला शब्द मला तेव्हा कळला, पूर्ण नाही, पण कळला. मी अजून तुमच्याशी सहमत नाही. सुतक संपल्यापासून रोज संध्याकाळी मी सांजवात लावते, आणि यापुढेही लावणार. पण त्या संध्याकाळी तुम्ही बरोबर होतात. तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत, मी म्हणते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "भूक लागली." अंधारातच मी कडक भाकरी चुरून दूध घातलं आणि त्यांनी ते संपवलं.

सकाळी काकू आल्या. दारातूनच त्यांनी बघितलं, पिशवी खाली टाकली आणि कपाळावर हात मारला. "अय्यो, दिवा कुणी इझवला?" माझ्याकडे बघूनच विचारलं. मी तोंड उघडलं, पण त्याआधी हे उठून उभे राहिले.

"मी इझवला. आक्काला नको होता."

"तुला कुणी सांगितलं? हिनं?"

"न्हाय," ते म्हणाले. "आक्कानंच. मला सांगितलं होतं."

काकूंनी खाली टाकलेली पिशवी उचलली. बहिणीने भावाला सांगितलं म्हटल्यावर त्या काय बोलणार? हे माझ्याकडे बघत नव्हते, खाली फरशीवरचं सांडलेलं तेल पुसत होते, जिथे नव्हतं तिथेही. मी काही बोलले नाही, आक्का. तुम्हीही कुणाला सांगू नका.